जुने चित्रकला साहित्य : थोड्या पैशात खरेदी कशी करावी?

जून महिना आला की धुळ्याच्या आग्रा रोडवर आणि जळगावच्या फुले मार्केटमध्ये वह्या-दप्तरांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. पालक शाळेची यादी हातात धरून उभे असतात. यादीत वह्या, पुस्तके, गणवेश, बूट ही कलमे वर असतात आणि अगदी तळाशी 'चित्रकला साहित्य' असे दोन शब्द असतात. पैसे कमी पडू लागले की पहिली काट या दोन शब्दांवर बसते. यात पालकांचा दोष नाही. भाकरी आणि फी भागल्यावरच रंगाचा विचार होणार.

परंतु या दोन शब्दांवर काट मारल्याने काय जाते हे पाहिले पाहिजे. आपल्या राज्यात कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळाली तर दहावीच्या गुणांत भर पडते. पुढे कलाशिक्षक पदविकेकडे, छपाईच्या डिझाइनकडे किंवा नकाशे काढण्याच्या कामाकडे वळणाऱ्याचा हात येथेच तयार होतो. या परीक्षेला ड्रॉइंग बोर्ड, कंपासपेटी, गुण्या, पेन्सिली, ब्रश आणि रंग एवढे साहित्य लागते. ते नसेल तर मूल कितीही हुशार असो, वर्गात बसून दुसऱ्याचा ब्रश मोकळा होण्याची वाट पाहते.

आम्ही धुळ्यात मुलींसाठी चित्रकलेचा एक लहानसा वर्ग चालवतो. सुरुवातीच्या वर्षी अकरा मुली आल्या. त्यांपैकी बहुतेकींच्या घरी यंत्रमागाची मजुरी. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यातील एका मुलीची आई वर्गाच्या दारात येऊन म्हणाली, "सर, उद्यापासून हिला पाठवत नाही. हात चांगला आहे हे आम्हालाही दिसते, पण हजार रुपयांचे सामान आणायचे कुठून?" त्या वर्षी सगळे नवीन घेतले असते तर एका मुलीचा खर्च खरोखर हजाराच्या घरात जात होता. आम्ही तिला पंधरा दिवस थांबा म्हटले. आमच्याजवळ वर्गासाठी बाजूला ठेवलेले चार हजार रुपये होते. एवढ्यात अकरा संच उभे करायचे ठरवले आणि जुन्या सामानाच्या मागे लागलो. त्या पंधरा दिवसांत आणि त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

पहिला सौदा आणि पहिला तोटा

सुरुवातच फसली. जळगावात एक स्टेशनरीचे दुकान बंद होत होते. मालकाने पोस्टर कलरच्या साठ बाटल्या सातशे रुपयांना देऊ केल्या. खोका बांधलेला होता, वरच्या दोन बाटल्या उघडून पाहिल्या, रंग ओला होता. आम्ही पैसे मोजले आणि एस.टी.ने खोका धुळ्याला आणला. घरी सगळ्या बाटल्या उघडल्या तेव्हा एकेचाळीस निकामी निघाल्या. काहींत रंगाचा दगड झालेला, काहींत बुरशी आणि कुजका वास. उरल्या एकोणीस. सातशेला एकोणिसाने भागा, एका बाटलीला जवळजवळ ३७ रुपये पडतात. त्याच मापाची नवी बाटली दुकानात याहून स्वस्त मिळत होती!

जुन्या मालाचा खरा भाव असाच काढावा. दिलेली रक्कम भागिले उपयोगी पडणारे नग. विकणारा साठ म्हणेल, आपण मनात एकोणीस धरायचे. आणि प्रत्येक बाटली, प्रत्येक नळी उघडून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. विकणारा उघडू देत नसेल तर तेथून उठावे.

माल कोणाकडे मिळतो?

खान्देशात जुन्या कलासाहित्याचा वेगळा बाजार नाही. मुंबईला चोरबाजारात शुक्रवारी पहाटेपासून जुन्या वस्तू मांडल्या जातात, तेथे कधी कधी उत्तम इझल किंवा परदेशी कंपास हाती लागतो. पण धुळे-जळगावहून जाण्या-येण्याचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी धरली तर दहा-वीस बोर्डांसाठी ही वाट परवडत नाही. आपल्या आसपासच शोधावे.

सर्वांत चांगले गिऱ्हाईक, म्हणजे आपल्याला विकणारे, ते इंजिनिअरिंग आणि तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी. जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळ, फैजपूर येथे अशी महाविद्यालये आहेत. पहिल्या वर्षी मुलांना ड्रॉइंगचा विषय असतो. त्यासाठी बोर्ड, मिनी ड्राफ्टर, गुण्या, शीट ठेवण्याची नळी घेतात. वर्ष संपले की पुढचे काम संगणकावर होते आणि बोर्ड खाटेखाली जातो. परीक्षा संपवून गावी निघालेला मुलगा तो अर्ध्याहून कमी किमतीत आनंदाने देतो. म्हणून खरेदीचा हंगाम उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर. जूनमध्ये तोच बोर्ड नवीन येणाऱ्या मुलाला जास्त भावाने जातो. वसतिगृहाच्या फलकावर एक चिठ्ठी लावली की काम होते. मात्र विकणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे आणि वहीत त्याची सही घ्यावी. ड्राफ्टर चोरीला जातात, आणि चोरीचा माल स्वस्तात घेतला तर पोलिसाच्या दारात आपणच उभे राहतो.

दुसरे ठिकाण म्हणजे कलाशिक्षक पदविका पूर्ण केलेले विद्यार्थी आणि निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्याकडे ब्रश आणि कागद चांगल्या प्रतीचे मिळतात. तिसरे म्हणजे छापखाने. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कार्डशीट आणि जाड कागदाची कात्रणे पोत्याने पडलेली असतात. ती किलोवर मिळतात. रंग मिसळून पाहायला, अक्षरलेखनाच्या सरावाला आणि संकल्पचित्राच्या कच्च्या कामाला त्यांच्यासारखा कागद नाही. शीट गुंडाळून नेण्याची नळी विकत घेण्याचे तर कारणच नाही. जळगाव पाइपांचे गाव आहे. पीव्हीसी पाइपचा अडीच फूट तुकडा प्लंबरकडे पडलेला असतो, दोन टोपणे बसवली की झाले.

भंगारवाल्याकडे बोर्ड-ब्रश क्वचितच मिळतात, पण आणखी एका गोष्टीसाठी तेथे जावे. इंटरमिजिएटला स्थिरचित्र असते. किटली, कंदील, पोचे पडलेला पितळी लोटा, निळ्या काचेची बाटली, असे सामान भंगारात किलोच्या भावाने मिळते. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून काय उभे राहू शकते हे पाहायचे असेल तर चाळीसगावला जावे. तेथील कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी टेबलावर वस्तू मांडून अख्खी दृश्ये कॅमेऱ्यात उतरवली. रेल्वे स्टेशनजवळचे त्यांचे घर आज संग्रहालय आहे. आम्ही मुलींना एकदा धुळे-चाळीसगाव पॅसेंजरने घेऊन गेलो होतो. परतीच्या प्रवासात एकही मुलगी कंदील भंगारातला म्हणून नाक मुरडत नव्हती.

तपासणी : लाकूड आणि मोजमापाची साधने

ड्रॉइंग बोर्ड डोळ्यासमोर आडवा धरून कडेकडून पाहावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवलेला बोर्ड हमखास पिळतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा, मग दुसऱ्या बाजूने धरा. दोऱ्याखाली फट दिसली तर बोर्ड वाकला आहे. टाचण्यांची भोके, शाईचे डाग, कोपऱ्याची मार लागलेली कड यांनी काही बिघडत नाही, उलट भाव पाडायला उपयोग होतो. पण कडेला मातीसारखा भुसा दिसला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी समजा आणि तो बोर्ड घरातही आणू नका.

गुण्याची परीक्षा सोपी आहे. पट्टीला गुण्या लावून उभी रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर काटकोन खरा. फटकून गेल्या तर तो गुण्या मुलाचे भूमितीचे गुण खाणार. कंपासने त्याच ठिकाणी दोनदा वर्तुळ काढा. शेवट सुरुवातीला मिळाला नाही तर पाय ढिले आहेत. स्क्रू आवळून सुधारत असेल तर घ्या, रिव्हेट झिजली असेल तर सोडा. मिनी ड्राफ्टरच्या सांध्यांना हात लावून डुलतो का ते पाहावे. शाईची टेक्निकल पेने जुनी मुळीच घेऊ नयेत असे आमचे मत आहे. आत वाळलेली शाई सहजासहजी विरघळत नाही आणि साफ करताना निबेतील बारीक तार वाकते.

इझलच्या बाबतीत फक्त बिजागऱ्या आणि फुलीचे नट पाहावेत. नट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पाय चिरला असेल तर नको.

रंग

येथे थोडे ज्ञान असेल तर पुष्कळ पैसे वाचतात, कारण प्रत्येक रंगाचे वाळणे वेगळे असते.

जलरंगात डिंक असतो. तो वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. म्हणून जलरंगाची वडी भेगाळलेली असो की नळीतला रंग खडा झालेला असो, तो मेलेला नाही. नळी ब्लेडने उभी चिरावी, रंगाचा खडा झाकणात ठेवून वर पाण्याचे चार थेंब टाकावेत, दुसऱ्या दिवशी ब्रश फिरवावा. पोस्टर कलर किंचित घट्ट झाला असेल तर पाण्याने सैल होतो, पण वास येत असेल तर टाकून द्यावा. ॲक्रिलिक एकदा वाळला की प्लॅस्टिक झाला, त्याला पाण्याने काही होत नाही. जुनी ॲक्रिलिकची नळी दाबून पाहावी, मऊ नसेल तर फुकटही नको. तैलरंगाची नळी बाहेरून जुनाट दिसली तरी आत रंग चांगला असू शकतो. झाकण अडकले असेल तर दोन मिनिटे गरम पाण्यात धरून पक्कडीने फिरवावे. वरची साय काढली की खाली लोण्यासारखा रंग मिळतो. ऑइल पेस्टलवर पांढुरकी पूड आली असेल तर कपड्याने पुसली जाते. कोरडे खडू तुटलेले असले तरी तुकडा तेवढाच रंग देतो.

वय ओळखण्याची एक खूण सांगतो. कॅम्लिन ही दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेली आपल्या मराठी माणसांची कंपनी. २०११ मध्ये तिचे नाव कोकुयो कॅम्लिन झाले. डब्यावर 'कोकुयो' हा शब्द नसेल तर माल दहा वर्षांहून जुना आहे असे धरून चालावे. जलरंग असेल तर हरकत नाही, बाटलीतला रंग असेल तर दोनदा वास घ्यावा.

आणि एक सावधगिरी, जिच्यात घासाघीस नाही. बोर्ड रंगवणाऱ्यांकडून जुन्या इनॅमल रंगाचे अर्धवट डबे अगदी पडेल भावाने मिळतात. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपुरते मर्यादित करणारा केंद्राचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या रंगांत, शिसे पुष्कळ असू शकते. असा डबा मुलांच्या वर्गात आणू नये. जुनी रंगवलेली पाटी किंवा चौकट कानसेने घासायला मुलांना देऊ नये. शिशाची धूळ लहान मुलाच्या मेंदूला अपाय करते, आणि तो पुढे भरून निघत नाही.

ब्रश

ब्रशांचा शोध घेताना आम्ही जुन्या धुळ्यातील एका पेंटर चाचांकडे गेलो. चाळीस वर्षे त्यांनी दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. फ्लेक्सची छपाई आली आणि काही वर्षांत काम बसले. त्यांनी पेटी उघडली, एकेक ब्रश काढून दोन ढीग केले. "हा ढीग इनॅमलचा, याच्या मुळात रंग बसलेला आहे, तुमच्या कामाचा नाही. हा पाण्याच्या रंगाचा, बॅनरला वापरत होतो, हा चालेल." आम्ही विचारण्याआधीच दोष सांगणारा विक्रेता आम्हाला त्या पंधरा दिवसांत हा एकच भेटला. बावीस ब्रशांचे त्यांनी चारशे मागितले, आम्ही चारशेच दिले. येथे घासाघीस करणे आम्हाला शोभले नसते.

त्यांनी दाखवलेली परीक्षा अशी. ब्रश पाण्यात बुडवून झटकावा. गोल ब्रशाचे टोक आपोआप एक झाले पाहिजे. ते फाकले, तर साबणाने धुऊन बोटांनी टोक करून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा पाहावे. पत्र्याची नळी दांड्यावर हलत असेल तर ती चिमट्याने दाबून घट्ट होते. पण केसांच्या मुळाशी बोटाने दाबल्यावर कडक लागले तर तेथे रंग वाळला आहे, तो ब्रश आता फक्त डिंक लावायला.

चाचांनी चार ब्रश मात्र वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवले होते. केसांची टोके गडद तपकिरी, मध्ये फिकट पट्टा. ते मुंगसाच्या केसांचे. पूर्वी असे ब्रश सर्रास मिळत आणि रेघ काढायला ते उत्तम, हे खरे आहे. परंतु वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मुंगसाला संरक्षण आहे आणि या ब्रशांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. २०१९ मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने देशात अनेक ठिकाणी, ब्रश बनवणाऱ्या उत्तर प्रदेशातील शेरकोट गावासह, छापे टाकून असा माल जप्त केला. जुना आहे, फुकट मिळतो, म्हणून तो घेऊ नये. एका ब्रशासाठी पुष्कळ केस लागतात आणि ते मुंगूस मारूनच मिळतात.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना आणखी एक माहिती हवी असेल. तैलरंगाच्या ताठ पांढऱ्या ब्रशांवर 'हॉग' असे छापलेले असेल तर ते डुकराचे केस. ज्यांना ते हाताळायचे नाहीत त्यांनी 'सिंथेटिक' किंवा 'नायलॉन' असे छापलेले ब्रश मागावेत. जुन्या ढिगात छापा पुसलेला असतो, तेव्हा शंका असल्यास सोडून द्यावे आणि ताठ ब्रश नवीन सिंथेटिकच घ्यावा. किमतीत फार फरक पडत नाही.

कागद आणि कॅनव्हास

जुन्या जलरंगाच्या कागदाच्या एका कोपऱ्यावर ओले बोट टेकवा. पाणी क्षणभर वर थांबले तर कागद ठीक. टीपकागदासारखे आत शिरले तर त्यातली खळ गेली, तो पेन्सिलला वापरावा. तैलरंगाने रंगवलेल्या जुन्या कॅनव्हासवर ॲक्रिलिकचा पांढरा हात देऊन विकणारे आहेत. तो थर पुढे सुटतो. मागून पाहावे, तेलाचे पिवळे डाग आरपार आले असतील तर तो पूर्वी तैलरंगाने रंगवलेला आहे.

आमचा हिशेब

वाचकांना अंदाज यावा म्हणून त्या पहिल्या वर्षीच्या वहीतील आकडे देतो. आठ बोर्ड विद्यार्थ्यांकडून शंभरप्रमाणे, ८०० रुपये. तीन बोर्ड सुताराकडून प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यांतून, २४०. नऊ जुन्या कंपासपेट्या चाळीसप्रमाणे ३६०, दोन नवीन २६०. चाचांचे ब्रश ४००. बारीक नंबरचे अकरा नवीन ब्रश २२०, कारण बारीक ब्रश जुना चांगला मिळतच नाही. जलरंगाचे अकरा नवीन संच ८२५. छापखान्यातील चार किलो कागद १४०. साबण आणि टर्पेंटाइन ४०. एकूण ३,२८५. त्यात पहिल्या सौद्याचे ७०० मिळवा, ३,९८५ झाले. चार हजारांतील पंधरा रुपये उरले. तोटा धरूनही एका मुलीचा संच ३६२ रुपयांत पडला.

रंगांच्या बाबतीत एवढी कलमे वर सांगून आम्ही स्वतः रंग नवीनच घेतले, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. परीक्षेच्या दिवशी तीन तासांत रंगाचा खडा भिजवत बसायला वेळ नसतो. जुने जलरंग सरावाला, नवीन परीक्षेला, अशी आमची वाटणी आहे. लाकूड आणि लोखंड जुने घ्यावे, जे संपते ते नवीन घ्यावे.

दुसऱ्या वर्षापासून हे सामान आम्ही भाड्याने देऊ लागलो. रंग मुलीने स्वतः आणायचे, बाकीच्या संचाचे हंगामाचे भाडे साठ रुपये. अकरा संचांचे ६६० आले, दुरुस्तीला २१० गेले, उरलेल्या साडेचारशेत चार बोर्ड आणि एक कंपासपेटी वाढली. पुढे आणखी वर्षे जाऊन संच सव्वीस झाले. त्यांतील काही आम्ही दुसऱ्या गावातील एका वर्गाला विकले, प्रत्येकाच्या मागे दोष लिहून : 'कोपरा तुटका', 'कंपासचा स्क्रू बदललेला'. भाव थोडा कमी आला. पण ते गृहस्थ पुढच्या वर्षी पुन्हा आमच्याकडेच आले आणि या वेळी बोर्ड उघडून न पाहता घेऊन गेले. आम्हीच त्यांना थांबवून दोरा ताणायला लावला.

दारात येऊन सामानाची किंमत विचारणाऱ्या त्या आईची मुलगी एलिमेंटरीला ब श्रेणीत आली, इंटरमिजिएटला अ. गेल्या उन्हाळ्यात जळगावला एका वसतिगृहावर खरेदीला गेलो तेव्हा ती आमच्यासोबत होती. मुलांनी व्हरांड्यात सात बोर्ड मांडून ठेवले होते. आम्ही भावाचे बोलत होतो, तोवर तिने ओढणीच्या गाठीतून दोरा काढला, सातही बोर्डांवर आडवा-तिडवा ताणून पाहिला आणि दोन बोर्ड उचलून परत भिंतीला लावले.